देव्हाऱ्यातले विष्णुपंत

आमच्या घरी देव्हारा म्हणजे भिंतीला ठोकलेली एक फळी. तिच्यावर विठ्ठल-रखुमाईची पितळी मूर्ती, कुलदैवताचे टाक आणि तुकाराम महाराजांची एक जुनी तसबीर. तसबीर कृष्णधवल आहे. कडेने पाणी लागून ती पिवळी पडली आहे. डोक्याला पागोटे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा आणि चिपळ्या. मान किंचित कललेली, डोळे अर्धवट मिटलेले. माझ्या आजोबांनी ती देहूला बीजेच्या यात्रेत विकत घेतली होती. आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. वडिलांना चाकणच्या बाजूला कारखान्यात काम मिळाले आणि आम्ही तळवड्याला भाड्याच्या खोलीत राहू लागलो, तेव्हा आजीने गावाकडून आणलेल्या चार वस्तूंत ही तसबीर होती. देहू आता तासाभराच्या चालीवर आली याचाच तिला जास्त आनंद झाला. रोज सकाळी ती तसबिरीला बुक्का लावते आणि मगच चूल म्हणजे आमचा गॅस पेटतो.

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनी आपल्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने 'संत तुकाराम' हा प्रभात कंपनीचा जुना चित्रपट दाखवला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. खरे सांगायचे तर हजेरीपुरताच बसलो होतो. चित्रपट सुरू झाला, तुकोबा पडद्यावर आले आणि माझ्या छातीत धस्स झाले. तीच मान, तेच डोळे, तेच पागोटे! आमची आजी वर्षानुवर्षे ज्या चेहऱ्याला बुक्का लावते, तो चेहरा तुकाराम महाराजांचा नव्हता. तो विष्णुपंत पागनीस नावाच्या एका नटाचा होता.

पुढचे काही दिवस मी घरी गप्प होतो. आजीला हे सांगावे की न सांगावे? माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकलेल्या नातवाने शिकून काय केले, तर आजीचा देव खोटा ठरवला, असे व्हायला नको होते. म्हणून आधी हा माणूस कोण, ते तरी पाहावे असे ठरवले. ग्रंथालयात चित्रपटावरची आणि रंगभूमीवरची जी पुस्तके मिळाली ती चाळली. सरांनाही विचारले. त्यातून जे हाती आले ते या लेखात मांडत आहे. मात्र माझ्या शोधाला आणखी एक कारण होते, तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात लोकनाट्यातली मावशी मी केली होती. टाळ्या पुष्कळ पडल्या. पण दुसऱ्या दिवशी फिशपाँडच्या कार्यक्रमात माझ्या चालण्यावर जो फिशपाँड पडला, तो पुढे वर्षभर बसस्टॉपपर्यंत माझ्या मागे आला. मी चालतोच बायकी, असे सर्वांचे मत झाले. वडिलांच्या कानावर ते गेले. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर माझ्या नाटकाचा विषय घरात निघेनासा झाला. विष्णुपंत पागनीस हे मूळचे स्त्रीपार्टी नट होते, असे जेव्हा मी वाचले तेव्हा ते पुस्तक खाली ठेववेना.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा. त्या काळी मराठी रंगभूमी म्हणजे पुरुषांचेच राज्य होते. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाची परंपरा सुरू केली. या नाटकांतील सीता, शकुंतला, सुभद्रा या सर्व नायिका पुरुषच साकार करीत. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे गोड गळ्याची, नाजूक चणीची मुले नाटक कंपन्या शोधून काढीत. अशी मुले कंपनीच्या बिऱ्हाडातच लहानाची मोठी होत. गाणे तिथेच शिकत, लुगडे नेसायला तिथेच शिकत. विष्णुपंत अशाच वातावरणात, स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत वाढले आणि स्त्रीभूमिका करू लागले.

स्त्रीपार्ट म्हणजे मिशी काढून लुगडे गुंडाळणे नव्हे, हे आज आपल्याला कळत नाही. कारण आपण तो प्रकार विनोदापुरताच पाहतो. त्या काळचा स्त्रीपार्टी नट बसणे, उठणे, लाजणे, पदर सावरणे, वळून पाहणे या एकेका क्रियेची वर्षानुवर्षे साधना करीत असे. आवाज खालच्या पट्टीत मृदू ठेवून तो नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, ही काही सोपी गोष्ट नाही. बालगंधर्वांचे शालू आणि केशभूषा पाहून पुण्यामुंबईच्या प्रतिष्ठित स्त्रिया तशी वेशभूषा करीत, इतका त्या कलेचा दबदबा होता. चित्रपटही प्रथम त्याच वाटेने गेला. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली.

परंतु काळ कोणासाठी थांबत नाही. १९३१ साली चित्रपट बोलू लागला. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गाबाई खोटे तारामती म्हणून उभ्या राहिल्या. अवघ्या एकोणीस वर्षांत तारामती पुरुषाकडून स्त्रीकडे आली! १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या सुशिक्षित स्त्रिया रंगमंचावर आल्या. हे योग्यच झाले, यात शंका नाही. स्त्रीने स्वतःचे दुःख स्वतःच्या तोंडाने सांगावे, हेच न्यायाचे. पण त्याच वेळी एका पिढीच्या हातातले कसब एकाएकी निरुपयोगी ठरले. चाळिशीला आलेल्या, बायकी चालण्याची सवय अंगात मुरलेल्या नटाने आता करायचे काय? नायिका त्याला मिळेना आणि नायक तो शोभेना. पुष्कळ नाटक कंपन्या मोडल्या, पुष्कळ नट विस्मृतीत गेले.

या प्रश्नाची धार किती तीव्र होती हे बालगंधर्वांच्याच उदाहरणावरून कळते. स्त्रीभूमिकांचा तो सम्राट १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात संत एकनाथ म्हणून पुरुषवेषात आला. दिग्दर्शक शांतारामबापू होते, विषय अस्पृश्यतेविरुद्धचा म्हणजे काळाला साजेसा होता. तरीही चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही. शालूतले बालगंधर्व ज्यांच्या डोळ्यांत भरले होते, त्यांना एकनाथ दिसेनात. ज्या स्टुडिओत ही निराशा झाली, त्याच स्टुडिओत दुसऱ्याच वर्षी दुसरा एक स्त्रीपार्टी नट दुसऱ्या संताच्या भूमिकेसाठी उभा राहिला. त्याचे नाव फारसे मोठे नव्हते. ते होते विष्णुपंत पागनीस. त्यांचे वय तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस.

प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास आली. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल या जोडीने केले. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत. एक हिंदू आणि एक मुसलमान असे हे दोन मित्र आयुष्यभर बरोबरीने काम करीत राहिले आणि त्यांनी आपल्या देहूच्या वाण्याचे चरित्र पडद्यावर आणले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे आणि गीते शांताराम आठवल्यांची. हे केशवराव म्हणजे वर उल्लेखिलेल्या ज्योत्स्नाबाईंचे पती. काळाची गंमत पाहा! पत्नीने ज्या नव्या वाटेवर पाऊल टाकले, त्या वाटेने स्त्रीपार्टी नटांचा जमाना संपवला. आणि पतीने अशाच एका नटाच्या गळ्यातून तुकोबा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवले.

पागनिसांच्या निवडीविषयी दामले-फत्तेलालांच्या मनात आरंभी शंका होती, असे सांगतात. कारण उघड होते. त्यांच्या हालचालीत स्त्रीपार्टाची लकब मुरलेली होती. कीर्तनात उभा राहणारा, दुष्काळ सोसलेला, शेतात आणि दुकानात राबलेला हा कुणबी वाणी असा मृदू कसा दिसेल? पण चित्रपट पाहताना लक्षात येते, की जिचे भय वाटत होते त्या लकबीनेच भूमिका तारली. पागनिसांचे तुकोबा कोणावर ओरडत नाहीत. सालोमालो त्यांचे अभंग चोरतो, त्यांची निंदा करतो, तरी त्यांच्या चेहऱ्यावर राग येत नाही. येते ती एक ओशाळी, समजूतदार हसरी छटा. ते चालतात तेव्हा जमिनीला दुखेल की काय, अशा बेताने चालतात. हात जोडतात तेव्हा खांदे आपोआप खाली येतात. गाताना मान कलते आणि देह हलकेच डोलू लागतो. हे सारे त्यांनी कोठून आणले? सुभद्रा-शकुंतलेच्या परंपरेतूनच आणले, असे मला वाटते. लोकांना देवापुढे लीन झालेला भक्त दिसला. पण त्या लीनतेची तालीम विष्णुपंतांनी लुगड्यात केली होती.

संतांनी देवाला माउली म्हटले आहे, हे आपण सर्वांनी अकरावी-बारावीला लिहिले आणि गुण मिळवले. वारकरी तर ज्ञानोबांनाही माउलीच म्हणतात. ज्या परंपरेने पुरुषाच्या अंगातले आईपण पूज्य मानले, तिचा संत साकार करायला बायकी चालीचा नटच योग्य ठरला, यात आश्चर्य ते काय? हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. मित्रहो, त्या फिशपाँडचा राग त्या दिवशी बराचसा उतरला.

विष्णुपंतांचे चरित्र सांगताना त्यांच्या समोर उभ्या राहिलेल्या गौरीबाईंना वगळणे अन्यायाचे होईल. चित्रपटातली आवली त्यांनी केली. त्या काही शिकलेल्या नटी नव्हेत. प्रभातमध्ये त्या साफसफाईच्या कामावर लागल्या, पुढे गर्दीच्या दृश्यांत उभ्या राहू लागल्या आणि त्यातून या भूमिकेपर्यंत पोचल्या. नवरा अभंगात रमला आहे आणि घरात पीठ नाही, अशा बाईचा संताप त्यांनी असा काही दाखवला आहे की हसूही येते आणि पोटात तुटतेही. मूल आजारी पडते तेव्हा ही आवली त्याला घेऊन, हाती पायताण धरून, थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते! पागनीस जमिनीपासून चार बोटे वर चालतात आणि गौरी दोन्ही पाय रोवून उभी राहते. एकाला कंपनीच्या तालमीचा आधार, दुसरीला हातातल्या झाडूचा. या दोघांच्या ओढाताणीतून तो संसार खरा वाटतो. शेवटी विमान तुकोबांना घेऊन वैकुंठाला जाते आणि आवली खालीच राहते. आमच्या वस्तीतल्या बायका पाहतो तेव्हा मला आवलीची बाजू अधिक पटते, हेही येथे नमूद करतो.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात चित्रपट प्रदर्शित झाला आणि वर्षाहून अधिक काळ, सत्तावन्न आठवडे, तेथे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. भारतीय चित्रपटाला परदेशात मिळालेला तो मोठा मान. पण व्हेनिसपेक्षा खेड्यापाड्यांतला मान मोठा होता. लोक बैलगाड्या जुंपून चित्रपटाला येत. तंबूत पायताणे बाहेर काढून बसत, पडद्याला हात जोडत, असे सांगतात. चित्रपटाचे काम संपल्यावर विष्णुपंत देहूला जाऊन तुकोबांच्या पायी माथा टेकून आले, असेही सांगितले जाते. आणि मग त्यांचीच छायाचित्रे चौकटीत जाऊन देव्हाऱ्यात बसू लागली. आमच्या आजोबांनी घेतलेली तसबीर ही त्याच लाटेतली. चित्रपट निघून कित्येक वर्षे लोटल्यावरही यात्रेच्या दुकानात टिकून राहिलेली.

असाच प्रकार आठवल्यांच्या बाबतीतही घडला. या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेला एक अभंग लोकांना इतका अस्सल वाटला, की तो तुकोबांचाच असे समजून गायला जाऊ लागला. गाथेत तो सापडणार कसा? कवीचे नाव अभंगात विरघळले आणि नटाचे नाव तसबिरीत विरघळले.

पुढे विष्णुपंतांच्या वाट्याला संतच आले. रणजित मूव्हीटोनच्या १९३९ च्या 'संत तुलसीदास'मध्ये ते तुलसीदास झाले, विजय भट्टांच्या १९४० च्या 'नरसी भगत'मध्ये नरसी मेहता झाले. महाराष्ट्राचा तुकोबा उत्तरेचा आणि गुजराथचा भक्त होऊन देशभर गेला. पण लोक त्यांच्यात तुकोबाच पाहत राहिले. एकदा देव्हाऱ्यात बसलेल्या माणसाला खलनायक कोण करू देणार? नटाला हजार रूपे धरायची असतात. विष्णुपंतांचे मात्र एका रूपाने बाकीच्या रूपांचे दरवाजे लावून घेतले. १९४३ साली, पन्नाशी गाठल्यावर, त्यांचे निधन झाले. 'संत तुकाराम'नंतर त्यांना मिळाली ती जेमतेम सात वर्षे. प्रभातचा स्टुडिओही पुढे बंद पडला. त्याच जागी १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे.

हे यश म्हणावे की नुकसान? मी पुष्कळ विचार केला. आज आपण सर्वजण नावासाठी धडपडतो. चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक लागतात, मोबाईलवर पंधरा सेकंदांच्या प्रसिद्धीसाठी माणसे जीव धोक्यात घालतात. अशा दिवसांत एक माणूस लक्षावधी घरांत रोज पुजला जातो आणि त्या घरांतल्या कोणालाही त्याचे नाव ठाऊक नसते, ही कल्पनाच चमत्कारिक वाटते. नट स्वतः पुसला जाऊन भूमिका उरणे, हे अभिनयाचे टोक आहे असे म्हणतात. तरीही मला वाटते, पुसून घेणे हे नटाचे काम असले तरी आठवण ठेवणे हे आपले काम आहे. आमच्या परिसरातल्या कारखान्यांतून रोज हजारो गाड्या बाहेर पडतात. गाडीवर कंपनीचे नाव असते. वेल्डिंग करणाऱ्याचे कोठेच नसते. माझे वडील वेल्डर आहेत. म्हणून हा मुद्दा मला केवळ नाटक-सिनेमाचा वाटत नाही.

दिवाळीच्या सुटीत एका रात्री मी मोबाईलवर 'संत तुकाराम' लावला आणि तो डब्याला टेकवून ठेवला. आजी जवळ सरकली. वडील दुसऱ्या पाळीवरून आले होते. तेही जेवता जेवता पाहू लागले आणि हात वाळले तरी उठले नाहीत. संपल्यावर मी सांगून टाकले, की हा नट आणि आपल्या तसबिरीतले महाराज एकच आहेत. वडिलांनी तसबिरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. हा माणूस आधी नाटकात खरोखरच लुगडे नेसत असे काय, एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो, लहानपणापासून नेसत असे, असेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग या वर्षीचे तुमचे संमेलन केव्हा आहे, असे विचारून त्यांनी दिवा मालवला.

आजी मात्र हलली नाही. मला भीती होती तसे काहीच झाले नाही. ती म्हणाली, की तुकोबांचा फोटो काढायला त्या काळी कॅमेरा कोठे होता, हे तिलाही कळते. हात जोडायचे ते ज्याला जोडायचे त्याला पोचतात. मग तिने त्या माणसाचे नाव विचारले. मी सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तसबिरीला बुक्का लावताना ती विष्णुपंत असे पुटपुटल्याचे मी अंथरुणातून ऐकले.